मॅच वीस मिनिटांची, प्रवास चौदा तासांचा!

शुक्रवारी रात्री कुठल्याही मोठ्या एस.टी. स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर जरा नजर टाका. पाठीवर रॅकेटची लांबुळकी बॅग घेतलेली एखादी मुलगी दिसेल. क्रिकेटचं किट ओढत चाललेला, किटपेक्षा बुटका असा एखादा मुलगा दिसेल. शेजारी पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा आणि तिकिटं सांभाळणारी आई किंवा बाबा असतातच. एखाद्या कोपऱ्यात एकसारखे टी-शर्ट घातलेली अख्खी खो-खोची टीम आणि ‘एक, दोन, तीन...’ करत पुन्हा पुन्हा डोकी मोजणारे पी.टी.चे सर!

दोस्तांनो, तुमच्यापैकी काहीजण याच गर्दीत असतात. काहीजणांचा दादा किंवा ताई या गर्दीत असते, आणि तुम्ही आजीबरोबर घरी राहता. काहीजणांना या गर्दीत जायची फार इच्छा असते, पण घरून परवानगी मिळत नाही. म्हणजे या ना त्या प्रकारे हा विषय तुमचाच आहे.

गंमत अशी, की हा विषय घरात निघतो तो बहुतेक वेळा तुम्ही झोपल्यावर. ‘एवढा खर्च झेपेल का?’, ‘दहावीचं काय?’, ‘धाकट्याकडे बघायला वेळच मिळत नाही’ अशी कुजबुज तुमच्याही कानावर आली असेल. स्पर्धांसाठी गावोगाव फिरणं हे घरादाराला खरंच परवडतं का? त्यातून काय मिळतं? आज याच प्रश्नाचा आपण मोकळेपणानं विचार करू या.

मुळात एवढं लांब जायचंच कशाला?

शालेय स्पर्धांची शिडी तुम्हाला माहीत आहे. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. पायरी चढली की गाव बदलतं. त्याशिवाय प्रत्येक खेळाच्या संघटनेच्या स्पर्धा वेगळ्या. बुद्धिबळाच्या मानांकन स्पर्धा वेगळ्या, बॅडमिंटनच्या क्रमवारीच्या स्पर्धा वेगळ्या.

यामागचं कारण सोपं आहे. आपल्याहून चांगल्या खेळाडूंशी खेळल्याशिवाय आपला खेळ सुधारत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना हरवून झालं की पुढचा प्रतिस्पर्धी शोधायला दुसऱ्या गावी जावं लागतं.

पण हे कारण नीट लक्षात ठेवा हं, कारण त्याचा अर्थ असाही होतो, की चांगले प्रतिस्पर्धी जवळच मिळत असतील, तर लांब जायची गरज नाही!

सचिन तेंडुलकरचंच उदाहरण बघा. १९८४ साली त्याचा मोठा भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला. घर वांद्र्याला, सराव दादरला. रोजच्या येण्या-जाण्यात दमछाक व्हायला लागली, तेव्हा सचिननं शाळा बदलून शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला आणि तो शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे राहायला गेला. म्हणजे तेंडुलकरांच्या घरानं प्रवास वाढवला नाही, तो कमी केला! आणि सामने? ते हाकेच्या अंतरावर होते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क. आचरेकर सर स्कूटरवरून त्याला एका मॅचहून दुसऱ्या मॅचला पोचवायचे. १९८८ च्या फेब्रुवारीत सचिन आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, तीही आझाद मैदानावरच. त्यासाठी त्यांना मुंबई सोडावी लागली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, ‘हो, पण आम्ही कुठे दादरला राहतो?’ अगदी खरं. गडचिरोलीच्या किंवा रत्नागिरीच्या मुलाला असं मैदान घराजवळ मिळत नाही. त्याला जावंच लागतं. म्हणून ‘जावं की न जावं’ या प्रश्नाचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. तुमचं गाव कुठलं, खेळ कुठला, तुम्ही शिडीच्या कुठल्या पायरीवर आहात, यावर ते ठरतं.

काही घरांना तर रोजचाच प्रवास करावा लागतो. साईना नेहवाल हैदराबादला बॅडमिंटन शिकायला लागली, तेव्हा स्टेडियम घरापासून सुमारे २५ किलोमीटर लांब होतं. पहाटे तिचे बाबा तिला स्कूटरवरून न्यायचे. पेंगुळलेली साईना पडू नये म्हणून आईसुद्धा मागे बसायची! सरावाचा खर्च भागवायला तिच्या बाबांना भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढावे लागले होते. साईनानं २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक जिंकलं, ते आपण टी.व्ही.वर पाहिलं. ती पहाटेची स्कूटर मात्र टी.व्ही.वर दिसली नाही.

चौसष्ट खेळाडूंचं गणित

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे!

समजा, बॅडमिंटनची एक स्पर्धा आहे. ६४ मुलं खेळायला आली आहेत आणि स्पर्धा बाद पद्धतीची आहे, म्हणजे हरला की घरी. विजेता ठरेपर्यंत एकूण किती सामने होतील?

उत्तर : ६३. आकडेमोड करायचीही गरज नाही. प्रत्येक सामन्यात एकजण बाद होतो आणि शेवटी एकच उरायचा आहे. म्हणजे ६३ जणांना बाद करायला ६३ सामने.

आता पुढचा प्रश्न. पहिल्या फेरीत किती मुलं परत जातील? ३२. म्हणजे निम्मी मुलं एकच सामना खेळून बॅग भरणार. दुसऱ्या फेरीत आणखी १६ जणांची सुट्टी. म्हणजे ६४ पैकी ४८ मुलांना, चारातल्या तिघांना, जास्तीत जास्त दोन सामने मिळाले. रात्रभर प्रवास, दोन दिवसांचं लॉज, बाबांची रजा आणि हातात वीस-पंचवीस मिनिटांची एक मॅच!

आता बुद्धिबळाची स्पर्धा बघा. ती बहुतेक वेळा ‘स्विस’ पद्धतीनं होते. या पद्धतीत हरलं तरी कुणी बाद होत नाही. पहिल्या फेरीत जिंकलेले एकमेकांशी, हरलेले एकमेकांशी, अशा जोड्या लागत जातात. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या स्पर्धेत ही पद्धत वापरली गेली, म्हणून तिचं नाव स्विस. नऊ फेऱ्यांची स्पर्धा असेल, तर सगळे डाव हरणारा मुलगाही नऊ डाव खेळूनच घरी येतो, आणि तेही हळूहळू आपल्या ताकदीच्या मुलांशी.

क्रिकेट, कबड्डी, खो-खोमध्ये आणखी एक गोष्ट असते. टीम जाते पंधराजणांची, पण क्रिकेटच्या मैदानात उतरतात अकराच. उरलेले चौघे पाणी नेऊन देतात, टाळ्या वाजवतात. तेही काम महत्त्वाचं आहे, पण सलग चार स्पर्धांत ते एकाच मुलाच्या वाट्याला येत असेल, तर त्याच्या घरच्यांनी सरांशी बोलायला हवं.

म्हणून कुठल्याही स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायचा : स्पर्धा बाद पद्धतीची आहे, साखळी आहे की स्विस? मला कमीत कमी किती सामने मिळतील? ‘बक्षीस किती?’ हा प्रश्न त्यानंतरचा.

घरचा हिशेब

खर्च म्हटला की आपल्याला प्रवेश शुल्क आठवतं. पण तो आकडा सगळ्यात लहान असतो. येण्या-जाण्याचं भाडं, बरोबर येणाऱ्या मोठ्या माणसाचं भाडं, राहणं, जेवण, बूट, रॅकेटची तार, कोचची फी हे सगळं त्यात मिळवा. समजा, एका स्पर्धेला सगळे मिळून पाच हजार रुपये लागले आणि वर्षात आठ स्पर्धा झाल्या, तर चाळीस हजार रुपये झाले. बऱ्याच घरांत एवढ्या पैशांत वर्षभराची शाळेची फी, गणवेश आणि वह्या-पुस्तकं होतात.

पैशांशिवाय आणखी एक खर्च असतो, वेळेचा. तो वहीत कुणी मांडत नाही. शनिवार-रविवार आई तुमच्याबरोबर नाशिकला असेल, तर ती घरी धाकट्या बहिणीबरोबर नसते. त्या बहिणीचा वाढदिवस, तिच्या नाटकाचा प्रयोग, तिचा ताप, हे सगळं तुमच्या वेळापत्रकात बसवलं जातं. ती बोलत नाही, पण तिला कळतं. स्पर्धेहून येताना तिच्यासाठी बोरकूट आणलं की फिटंफाट होत नाही बरं का! कधीतरी एखादी स्पर्धा सोडून तिच्या नाटकाला पुढच्या रांगेत जाऊन बसायला हवं.

काही घरं फार मोठी उडी घेतात. बुद्धिबळाचा जगज्जेता डी. गुकेश याचे बाबा कान-नाक-घशाचे डॉक्टर. २०१७-१८ च्या सुमारास मुलाबरोबर देशोदेशी फिरण्यासाठी त्यांनी आपलं काम थांबवलं. घर चाललं आईच्या पगारावर. पैसे कमी पडले तेव्हा आई-बाबांच्या मित्रांनी मदत केली. २०१९ च्या जानेवारीत गुकेश वयाच्या बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये, अठराव्या वर्षी, सिंगापूरला जगज्जेता झाला.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे आई-बाबा दोघंही डॉक्टर. २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिनं पहिली मिठी मारली ती आईला. स्पर्धांच्या हॉलबाहेर वर्षानुवर्षं थांबणाऱ्या सगळ्या आयांना ती मिठी आपलीच वाटली असेल. बुद्धिबळाच्या स्पर्धेत पालकांना आत बसू देत नाहीत ना! ते बाहेर जिन्यात बसून राहतात. दार उघडून कुणी मूल बाहेर आलं की सगळे माना उंचावून बघतात, आपलं आहे का, आणि चेहरा हसरा आहे का.

आणि ज्यांच्या घरी अशी ऐपतच नव्हती, त्यांचं काय? कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा पैशांची अडचण होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! कराडला त्यांची मिरवणूक निघाली तीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. एका खेळाडूचा भार एकट्या घरानं वाहायचा नसतो, हे तेव्हाच्या लोकांना चांगलं समजत होतं.

आजही त्याला वाटा आहेत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तिथे नेमबाजी शिकला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यानं ब्राँझपदक मिळवलं. प्रबोधिनीत राहणं, शिक्षण आणि प्रशिक्षण यांची सोय होते. घर सोडून राहावं लागतं, ही त्यातली अवघड बाजू. पण आई-बाबांनी कर्ज काढण्याआधी आपल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून बघायला काय हरकत आहे?

न छापलेल्या गोष्टी

वर मी तुम्हाला साईना, गुकेश, दिव्या, स्वप्नील यांच्या गोष्टी सांगितल्या. आता एक युक्ती सांगतो. अशा गोष्टी वाचताना नेहमी एक प्रश्न विचारायचा : ज्यांनी एवढंच सगळं केलं, पण जे जिंकले नाहीत, त्यांच्या गोष्टी कुठे आहेत?

त्या छापल्या जात नाहीत. पहाटे स्कूटरवरून जाणाऱ्या मुली खूप होत्या. नोकरी सोडणारे बाबाही आहेत. जगज्जेता मात्र एका वेळी एकच होतो. म्हणून ‘गुकेशच्या बाबांनी काम थांबवलं, म्हणून तो जिंकला; आता माझ्याही बाबांनी थांबवावं’ हे गणित चुकीचं आहे. गुकेशच्या घरी दुसरा पगार होता आणि मदत करणारे मित्र होते, हेही विसरू नका.

लहानपणी मोठा पराक्रम केला की पुढचं सगळं ठरलं, असंही नसतं. १८९९ साली इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं शाळेच्या सामन्यात नाबाद ६२८ धावा काढल्या. तो विक्रम शंभराहून जास्त वर्षं टिकला. पण कॉलिन्स कधीच प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळला नाही. तो सैन्यात गेला. त्याचा विक्रम मोडला आपल्या कल्याणच्या प्रणव धनावडेनं. जानेवारी २०१६ मध्ये त्यानं नाबाद १००९ धावा केल्या! प्रणवचे बाबा रिक्षा चालवायचे. मुंबईच्या क्रिकेट संघटनेनं त्याला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा मनासारख्या होईनात, तेव्हा २०१७ साली त्याच्या बाबांनीच ‘शिष्यवृत्ती थांबवा’ असं संघटनेला कळवलं. मला तर हजार धावांइतकंच हे पत्र मोठं वाटतं.

बरं, लहानपणापासून एकच खेळ घोटला तरच मोठं होता येतं का? २०२१-२२ मध्ये संशोधकांनी सहा हजारांहून जास्त खेळाडूंची माहिती एकत्र करून पाहिली. जागतिक दर्जाचे झालेले खेळाडू लहानपणी जास्त वेगवेगळे खेळ खेळलेले होते, आपल्या मुख्य खेळाकडे ते उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगती सावकाश झाली होती. कुमारवयात चमकलेल्यांचं चित्र बरोबर उलटं होतं. म्हणजे बारा वर्षांच्या वयात तुम्ही जिल्ह्यात चौथे असाल, तर सगळं संपलं असं मुळीच नाही!

अमेरिका आणि नॉर्वे

हे फिरणं सगळ्यात जास्त कुठे वाढलं असेल, तर अमेरिकेत. तिथे ‘ट्रॅव्हल टीम’ असतात. बेसबॉल, सॉकर, व्हॉलीबॉल, काहीही. शनिवार-रविवार आई-बाबा गाडी काढतात आणि शेकडो किलोमीटर दूरच्या गावी मुलांना घेऊन जातात. तिथे स्थायिक झालेली मराठी घरंही यातून सुटलेली नाहीत. काही स्पर्धांचा तर नियमच असतो, की आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरलं पाहिजे! खेळ राहिला बाजूला, हा पर्यटनाचा मोठा धंदा झाला. ॲस्पेन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत तिथलं एक कुटुंब एका मुलाच्या मुख्य खेळावर वर्षाला सरासरी १,०१६ डॉलर खर्च करतं, असं आढळलं. त्याच संस्थेच्या २०१९ च्या पाहणीनुसार सरासरी मूल तीन वर्षांच्या आत, अकराव्या वर्षाच्या सुमारास, तो खेळ सोडून देतं.

खर्च बाजूला ठेवा, शरीराचंही बघा. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या अमेरिकन मुलांचा संशोधकांनी दहा वर्षं पाठपुरावा केला. वर्षात शंभराहून जास्त ‘इनिंग’ चेंडू फेकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता. आपल्याकडच्या फास्ट बोलर मुलांची कंबर आणि पाठ अशीच धरते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगून ठेवलं आहे, की आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्या आणि वर्षातून निदान तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांनी का होईना, आपला मुख्य खेळ बंद ठेवा. आळस म्हणून नव्हे, हाडं आणि स्नायू वाढताहेत म्हणून.

आता नॉर्वेची गंमत ऐका. तिथे मुलांच्या खेळासाठी १९८७ पासून नियमच केलेले आहेत. सहा वर्षांपासून फक्त गावातल्या स्पर्धा. नऊ झाल्यावर आसपासच्या भागातल्या. निकालांचे तक्ते आणि क्रमांक अकराव्या वर्षापासून. राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे तेराव्या वर्षाआधी नाहीच! तुम्हाला वाटेल, एवढं लाडावल्यावर हे लोक हरतच असतील. छे! नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. तरी २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी सगळ्यात जास्त, ३९ पदकं मिळवली आणि २०२२ मध्ये सगळ्यात जास्त, १६ सुवर्णपदकं. बर्फ त्यांच्या दारातच असतो, हे खरं. पण घाई न करताही जिंकता येतं, एवढं तरी यातून दिसतं.

मग जाऊच नये का?

असं मी कुठे म्हटलं? जायला हवं! कारण पदकाशिवायही खूप काही मिळतं, आणि ते दुसरीकडे सहज मिळत नाही.

शाळेच्या वर्गात सतरंजीवर वीसजणांनी ओळीनं झोपायचं, पहाटे एका नळावर बादलीसाठी नंबर लावायचा, आपले बूट आपणच शोधायचे, वेळेवर रिपोर्टिंग करायचं. घरी ‘आई, माझे मोजे कुठे आहेत?’ असं ओरडणारा मुलगा तीन दिवसांत सुतासारखा सरळ होतो! विदर्भातला मुलगा कोकणातल्या मुलाचं बोलणं ऐकतो. राष्ट्रीय स्पर्धेत मणिपूरची मुलगी आणि सांगलीची मुलगी मोडक्या हिंदीत मैत्री करतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हरायला शिकता येतं. परक्या गावी, सगळ्यांसमोर हरायचं, समोरच्याशी हात मिळवायचा, डोळे पुसायचे आणि संध्याकाळी त्याच्याबरोबरच वडापाव खायचा. हे शिक्षण पुस्तकात मिळत नाही.

पण काही खुणा दिसल्या, की थांबून विचार करायला हवा.

पहिली खूण : स्पर्धेच्या आदल्या दिवशी दर वेळी पोट दुखतं, आणि स्पर्धा रद्द झाली की लगेच बरं वाटतं. एकदा-दोनदा असं सगळ्यांचंच होतं. दर वेळी झालं, तर पोट काहीतरी सांगतंय.

दुसरी खूण : परतीच्या प्रवासात घरी पोचेपर्यंत एकाच चुकलेल्या फटक्यावर बोलणं चालतं.

तिसरी खूण : कुणीतरी वय चोरायला सुचवतं. ‘सगळेच करतात’ असं म्हणून खोटा दाखला काढतात. २०१५ साली दिल्लीतल्या पतौडी व्याख्यानात राहुल द्रविडनं यावर फार कळकळीनं सांगितलं होतं. मोठी माणसंच खोटा दाखला करताना मूल बघतं, तेव्हा ते खोटेपणाच शिकतं, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. चौदा वर्षांखालच्या गटात सोळा वर्षांचा मुलगा उतरला, की खऱ्या चौदा वर्षांच्या कुणाची तरी जागा जाते. ती जागा उद्या तुमची असू शकते.

चौथी खूण, सगळ्यात महत्त्वाची : ‘आतापर्यंत एवढा खर्च केला, आता सोडायचं?’ हे वाक्य. दोस्तांनो, झालेला खर्च परत येत नाही, खेळत राहिलात तरी आणि थांबलात तरी. विचार करायचा तो पुढच्या वर्षाचा. मला पुढच्या वर्षी हा खेळ खेळायचा आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर खेळा, ‘नाही’ असेल तर तसं सांगा. आई-बाबांनी केलेला खर्च हे तुमच्यावरचं कर्ज नव्हे. पण त्यांनी तो केला हे विसरायचंही नाही.

सांगायचं कसं?

बऱ्याच मुलांची अडचण इथेच असते. खेळ थांबवायचा असेल तर ‘बाबांना किती वाईट वाटेल’ म्हणून बोलत नाहीत. पुढे जायचं असेल तर ‘घरी पैसे नाहीत, कसं मागू?’ म्हणून बोलत नाहीत. मग वर्षभर सगळेच एकमेकांसाठी गप्प राहतात!

त्यासाठी एक सोपा मार्ग आहे. हंगाम संपल्यावर, रविवारी जेवणं झाली की सगळ्यांनी एक वही घेऊन बसा. धाकट्यालाही बसवा, त्याचंही मत आहे. मॅच हरल्या दिवशी मात्र ही वही मुळीच उघडायची नाही. वहीत एवढे प्रश्न लिहा :

१. या वर्षी किती स्पर्धांना गेलो? एकूण किती सामने खेळायला मिळाले?

२. सगळा मिळून खर्च किती झाला? एका सामन्याला किती पडले?

३. यातल्या कुठल्या स्पर्धा जवळच्या गावात मिळाल्या असत्या?

४. अभ्यासाचं काय झालं? झोपेचं काय झालं?

५. घरातल्या दुसऱ्या कुणाचं काय राहून गेलं?

६. स्पर्धा नसती, बक्षीस नसतं, तरी मी उद्या सकाळी हा खेळ खेळायला गेलो असतो का?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर फक्त तुम्हीच द्यायचं. मोठ्यांनी त्या वेळी पाणी प्यायला उठून जायचं!

वही भरली की बहुतेक घरांत लक्षात येतं, की आठ स्पर्धांपैकी तीन अगदी हव्याशा होत्या, तीन जवळपास भागल्या असत्या आणि दोन उगाचच झाल्या. मग पुढच्या वर्षी लांबच्या तीनच निवडायच्या. चारजणांनी मिळून एकाच पालकाबरोबर जायचं, म्हणजे बाकीच्या तीन घरांचा शनिवार-रविवार वाचतो. वाचलेल्या एका रविवारी धाकटीच्या नाटकाला जायचं आणि दुसऱ्या रविवारी नुसतंच गल्लीत खेळायचं, कोच नाही, शिट्टी नाही, गुणफलक नाही.

तुमच्या घरची वही काय म्हणते, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा. पोरगं जिंकलं किती आणि हरलं किती, ते नाही लिहिलंत तरी चालेल. सहाव्या प्रश्नाचं उत्तर तेवढं लिहायला विसरू नका!